मुलगी फायटर पायलट व्हायचं म्हणतेय. अकरावीला नेमकं काय करावं?

अनेरकाठ
आम्ही चोपडा तालुक्यातले. घरची केळी, थोडा कापूस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी यंदा दहावी झाली, सेमी इंग्रजीतून, ९१ टक्के. घरात सगळ्यांनी डॉक्टरकी ठरवून ठेवली होती. निकालाच्या दिवशी पेढे वाटता वाटता बाईसाहेबांनी जाहीर केलं की मला एअरफोर्समध्ये फायटर पायलट व्हायचंय. सासूबाईंना वाटलं एअर होस्टेस म्हणतेय, म्हणून त्या आधी खूश झाल्या.

आता घरात जितकी तोंडं तितके सल्ले. हे म्हणतात, शिरपूरला विमान शिकवतात, घरापासून जवळ आहे, तिथेच घालू. दीर म्हणतात, आधी एअरफोर्सची भरती निघते ती मारू दे, मग आतून पायलट होता येईल. जळगावच्या एका अकॅडमीत जाऊन आलो. दोन वर्षांची फी ऐकून ह्यांनी चहासुद्धा अर्धाच प्यायला. शिवाय ते म्हणतात आठ दिवसांत प्रवेश घ्या, जागा संपत आल्यात.

अकरावीचा फॉर्म भरायचाय. बायोलॉजी ठेवावं की नको? अकॅडमी लागते का? जाणकारांनी सांगावं.

केळीचा_घड
वाचतोय. माझा भाचा याच रांगेत आहे.

सावदेकर
ताई, पहिल्यांदा शिरपूरचा गोंधळ मिटवू. शिरपूरला किंवा धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर जे शिकवतात ते कमर्शियल पायलटचं लायसन्स. म्हणजे इंडिगो, एअर इंडियात जायची वाट. त्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. हवाई दलात पायलट व्हायला हे लायसन्स लागत नाही. ते तुम्हाला शून्यापासून शिकवतात, स्वतःच्या खर्चाने, आणि वर प्रशिक्षणात विद्यावेतनही देतात (सध्या महिना ५६,१०० रुपये). लायसन्सवाल्यांना एएफकॅटमध्ये (पदवीनंतरची हवाई दलाची अधिकारी परीक्षा) वयाची दोन वर्षं सवलत मिळते, पण तेवढ्यासाठी कोणी शेत विकू नये.

दिरांना सांगा, भरती म्हणजे अग्निवीरवायू. चांगली नोकरी आहे, पण ती पायलटची वाट नाही. पायलट हा अधिकारी असतो आणि अधिकाऱ्यांची दारं वेगळी.

नंदुरबारी
मन्ही आंडेर बी हाईच म्हनी राहिनी, काय सांगू भो! मुलगी सातवीला आहे अजून. बसतो इथेच खाली बैठक मारून.

ओझरचा_फिटर
मी हवाई दलातून निवृत्त. पायलट नव्हतो, इंजिनावर काम करायचो, शेवटची काही वर्षं ओझरच्या ११ बेस रिपेअर डेपोत. आता वरणगावला असतो. पायलट लोकांना शिडीवरून कॉकपिटमध्ये बसवून पट्टे आवळायचं काम पुष्कळ केलंय, म्हणून थोडं लिहितो.

ताई, अकॅडमीला एक रुपया द्यायच्या आधी दोन गोष्टी करा. मुलीला नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि घरी टेप घेऊन तिची मापं घ्या. लोक उलटं करतात. दोन वर्षं क्लास, लाख-दीड लाख फी, मग लेखी पास, मग मुलाखत पास, आणि मेडिकलला कळतं की डोळ्यात बसत नाही. अशी पोरं मी बघितलीत. त्यांना कोणी आधी सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं तर फी कोण भरणार?

डोळे: एनडीएतून (बारावीनंतर घेते ती खडकवासल्याची तिन्ही दलांची अकादमी) फ्लाइंगला, म्हणजे पायलटच्या शाखेत, जायचं तर एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ लागते. लांबचं दिसत नाही म्हणून लागणारा मायनसचा चष्मा अजिबात चालत नाही. प्लसचा थोडा चालतो. रंगांधळेपणा असेल तर विषयच संपला. ती ठिपक्यांच्या आकड्यांची पुस्तिका असते ना, ती डॉक्टरांना मुद्दाम दाखवायला सांगा, नेहमीच्या तपासणीत दाखवत नाहीत.

मापं: उंची किमान १६२.५ सेंटीमीटर. पण नुसत्या उंचीवर जाऊ नका. मुलीला जमिनीवर भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून बसवा, पाय सरळ पुढे. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ९९ ते १२० सेंटीमीटर. मग स्टुलावर बसवा, पाठ भिंतीला, गुडघा काटकोनात. भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत ६४ च्या वर नको. बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंत ८१.५ ते ९६.

हे ६४ कशाला, असं मला पूर्वी पुष्कळ जण विचारायचे. इजेक्शन सीट सुटली की माणूस खुर्चीसकट सरळ वर फेकला जातो. मांडी लांब असेल तर गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेवर आपटतात, आणि त्या वेगात आपटले तर पाय राहत नाही. पाठीच्या कण्याचे एक्स-रे काढतात तेही याचसाठी, तो झटका कण्यावरच येतो. उलट पाय तोकडे असतील तर रडरच्या पेडलपर्यंत पुरत नाहीत. ही मापं मेहनतीने बदलत नाहीत, म्हणून आधी घ्यायची.

स्पष्टवक्ता_भुसावळ
मापं, डोळे सगळं ठीक. पण एक कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. एनडीएच्या अलीकडच्या जाहिराती उघडून बघा. फ्लाइंगच्या ९२ जागा, त्यात मुलींना २. अख्ख्या देशातून दोन! त्यासाठी ९१ टक्केवाली मुलगी दोन वर्षं अडकवायची? बायोलॉजी घ्या, नीट द्या, आणि झोपा शांत.

मृगनक्षत्र
स्पष्टवक्ता, आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही.

एक तर दोन जागा म्हणजे दर सहा महिन्यांनी दोन, कारण एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२१ पर्यंत तर शून्य होत्या. सुप्रीम कोर्टाने दार उघडलं, २०२२ ला मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात गेली आणि मे २०२५ मध्ये १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. त्याच्या कितीतरी आधी, २०१६ मध्ये, भावना कांत, अवनी चतुर्वेदी आणि मोहना सिंह लढाऊ विमानांसाठी कमिशन झाल्या होत्या, आणि त्या काही एनडीएतून आलेल्या नव्हत्या. पदवीनंतर एएफकॅट नावाचं दार आहे. वय २० ते २४, बारावीला फिजिक्स आणि गणितात किमान ५० टक्के, पदवीला ६०. म्हणजे एनडीए हुकली तरी वाट बंद होत नाही, फक्त चार वर्षं पुढे जाते. फरक एवढाच की एनडीएतून गेलात तर कायमची नोकरी, एएफकॅटच्या फ्लाइंगला शॉर्ट सर्व्हिस, १४ वर्षं. सीडीएस ही तिसरी परीक्षा, पण आत्तापर्यंतच्या जाहिरातींत तिथून मुलींना हवाई दलाच्या अकादमीत घेत नाहीत, म्हणून ती धरू नका.

आणि दोन्ही वाटांना अकरावीला लागतं एकच: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तीन विषय घेऊन इंजिनिअरिंगही उघडं राहतं. "अडकवायची" कुठे आलं यात?

स्पष्टवक्ता_भुसावळ
बरं. पण आईबापाच्या जिवाला घोर तो घोरच. आमच्या गल्लीत सैन्यातलं एक घर आहे, मी बघितलंय.

केळीचा_घड
स्पष्टवक्ता, घोर डॉक्टरच्या आईलाही असतो हो. आणि जळगावकरांनी तरी हे बोलू नये. आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना, २००९ ला, पुण्याहून सुखोईत बसून उडाल्या होत्या. वय ७४! इथे १६ व्या वर्षी नको म्हणताय. 😄

अनेरकाठ
सगळ्यांचे खूप आभार. काल सुट्टी टाकून जळगावला गेलो.

मापं सगळी बसली. उंची १६४, मांडी ५७, ह्यांनी बिल्डिंगच्या कामाचा टेप आणला होता, त्याने दोन-दोनदा मोजलं. पण डोळ्यांत अडकलं. डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासलं. डावा साफ आहे. उजव्याला मायनस ०.७५. तिला कधी जाणवलंच नव्हतं, डाव्यानेच काम चालत होतं.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. धरणगावच्या फाट्यावर ती म्हणाली, "आई, म्हणजे बायोलॉजी घेऊ का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इथे विचारते.

पिंप्राळा_एक्सप्रेस
अहो सोप्पंय. लेझर करून टाका. माझ्या मेव्हणीने पुण्यात केलं, वीस मिनिटांत घरी. आत्ताच केलं तर बारावीपर्यंत सगळं विसरायला होईल.

ओझरचा_फिटर
पिंप्राळा, कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका. ताई, आत्ता लेझर अजिबात करू नका. वय वर्षं २० च्या आत केलेलं लेझर हवाई दल फ्लाइंगला धरत नाही. म्हणजे आज केलंत तर एनडीएतही उपयोग नाही आणि पुढचं एएफकॅटचं दारही तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने बंद केलंत. २० नंतर केलं, त्याला किमान १२ महिने होऊन गेले, बुबुळाची जाडी आणि डोळ्याची लांबी त्यांच्या मर्यादेत असली, तर चालतं.

मापं बसलीत ना? मग रडायचं कारण नाही.

दृष्टी_अमळनेर
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. फिटरकाकांना पूर्ण अनुमोदन. यात एक वैद्यकीय कारणही आहे. सोळाव्या वर्षी नंबर स्थिर नसतो, डोळा अजून वाढत असतो. आज केलं आणि अठराव्या वर्षी पुन्हा नंबर आला तर काय करणार? दर सहा महिन्यांनी तपासा, कागद सगळे एका फाइलला लावा. मोबाईल जवळ धरून तासन् तास बघणं कमी, दिवसाउजेडी बाहेर खेळणं जास्त. व्यायामाने किंवा थेंबांनी नंबर घालवतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. नंबर वाढत वाढत मायनस चारपाचवर गेला तर पुढचा सगळा विचार नव्याने करावा लागेल, तेवढं मनाशी ठेवा.

मृगनक्षत्र
अनेरकाठ ताई, आता वयाचा हिशोब मांडू, सगळी गंमत त्यातच आहे.

मुलगी १६ ची. बारावीला १८. इथे बीएस्सी घेतली तर २१ ला पदवी, इंजिनिअरिंग घेतलं तर २२ ला. वीस पूर्ण झाली की लेझर, एकवीस पूर्ण झाल्यावर त्यांच्या दृष्टीने डोळा पात्र. एएफकॅट वर्षातून दोनदा, वयाची अट २४. बीएस्सीवालीला इंजिनिअरिंगवालीपेक्षा जास्त प्रयत्न मिळतात. लोक हे वर्ष कधी मोजत नाहीत. उलट बाजूही आहे: नाहीच झालं तर इंजिनिअरिंगची पदवी हातात बरी. हा निर्णय आत्ता घ्यायचा नाही, बारावीनंतर घ्यायचा. आत्ता फक्त पीसीएम.

कॉलेज निवडताना एनसीसीची एअर विंग आहे का बघा. आर्मी विंग नव्हे, एअर. तिचं सी सर्टिफिकेट असेल तर एएफकॅटची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही, थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात. माझ्या कॉलेजला आर्मी विंग होती, मला ते नंतर कळून उपयोग नव्हता.

मी स्वतः एएफकॅट पास होऊन गुजरातेतल्या गांधीनगरला एसएसबीला गेले होते. अमळनेरहून गाडीत बसले, सुरतेला बदलली. पहिल्या वेळेचं रेल्वेचं भाडं ते परत देतात. पाच दिवसांचं असतं, पण निम्मी मुलं पहिल्या दुपारीच घरी. एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग दहा-पंधरा जणांच्या गटात तिच्यावर चर्चा. आपल्याकडची मुलं इथे इंग्रजीला घाबरून गप्प बसतात. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं, गप्प बसणं चालत नाही. ओरडणंही चालत नाही. आमच्या गटात दोघे जण नुसते एकमेकांवर ओरडत होते, दोघेही संध्याकाळच्या गाडीने गेले. पुढे ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. क्लासमध्ये पाठ करून आलेली वाक्यं तिथल्या मानसशास्त्रज्ञाला लांबून ओळखू येतात.

मी शिफारस झाले आणि मग पायलटची चाचणी, सीपीएसएस. ही चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की हवाई दलाच्या फ्लाइंगचा विषय कायमचा संपला, मग लेखीला देशात पहिले आलात तरी. हातात जॉयस्टिक, पायाखाली दोन पेडल, कानावर हेडफोन. पडद्यावरचा ठिपका हातापायांनी मध्ये धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दिवे लागतील, आवाज येतील तसं उत्तर द्यायचं. ठिपका सांभाळावा तर दिवा सुटतो, दिव्याकडे बघावं तर ठिपका पळतो. मी त्यात बसले नाही. आता धुळ्यात बँकेत आहे आणि बरं चाललंय. याची तयारी क्लासने होत नाही असं म्हणतात. माझ्या बॅचला पास झालेल्यांत एक टेबल टेनिसवाली होती आणि एक तबला वाजवणारा, यावरून काय तो अंदाज बांधा. ताई, मुलीला कुठल्यातरी वेगवान खेळात घाला.

स्पष्टवक्ता_भुसावळ
हे छान लिहिलंत. मी माझा नीटचा सल्ला मागे घेत नाही, पण पीसीएमला आता विरोध नाही.

सावदेकर
मग एनडीएचा फॉर्म भरायचाच नाही का? माझं मत, भरायचा. बारावीत असताना देता येते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, १२० प्रश्न, अडीच तास. सामान्य क्षमता ६००, एसएसबीचे ९००. चुकीला तिसरा हिस्सा वजा. हा सगळा अकरावी-बारावीचाच अभ्यास, जेईईपेक्षा सोपा पण वेग जास्त लागतो. फ्लाइंग नाही, पण ग्राउंड ड्युटीला आणि भूदलाला चष्मा ठरावीक मर्यादेत चालतो.

आणि आकाशच हवं असेल तर भूदलाचंही हवाई अंग आहे, हेलिकॉप्टरचं. त्यांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकमधल्याच गांधीनगर तळावर होतं. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये तिथूनच भूदलाची पहिली महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडली. तिथले डोळ्यांचे निकष वेगळे असतात, जाहिरात नीट वाचा.

ओझरचा_फिटर
सावदेकर, भरू दे, पण मुलीला आधीच स्पष्ट विचारा. ग्राउंड ड्युटी मिळाली तर आयुष्यभर विमानाखाली उभं राहून वर बघत बसेल का? मी बसलो, मला आवडलं. गरम इंजिन आणि केरोसिनचा वास ज्याला आवडतो त्याला ते काम पायलटच्या कामाइतकंच आवडतं. पण कुढत बसणारेही बघितलेत.

दुसरं, पायलट झाली म्हणजे फायटरच मिळेल असं नाही. दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत पिलाटस विमानावर पहिला टप्पा झाला की वाटणी होते: फायटर, हेलिकॉप्टर, मालवाहू. फायटरवाले पुढे बीदरला हॉक जेटवर जातात. वाटणी गुणांवर आणि दलाच्या गरजेवर, तुमच्या आवडीवर सगळ्यात शेवटी. केदारनाथला पुरात लोकांना बाहेर काढलं ते हेलिकॉप्टरवाल्यांनीच. तिला हे आत्ताच सांगा.

अनेरकाठ
काका, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा वाचून दाखवला. म्हणाली, "हेलिकॉप्टर चालेल. खाली उभं राहणं नाही चालणार." म्हणजे एनडीएबद्दल तिचं ठरलं, भूदलासाठी भरेल, ग्राउंड ड्युटीला टिक करणार नाही. मला वाटत होतं ती सगळ्याला हो म्हणेल. बघू, दोन वर्षांत किती बदलतं.

पीसीएमचा फॉर्म भरला, इथल्याच कॉलेजला. चौथा विषय आयटी घेतलाय. अकॅडमीवाल्यांचा रोज फोन येतो. काल त्यांना उजव्या डोळ्याचा नंबर सांगितला तर म्हणाले, "काही हरकत नाही मॅडम, प्रवेश घेऊन टाका, मेडिकलचं नंतर बघू." ह्यांनी फोन घेतला आणि जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. गणितासाठी गावातल्याच सरांकडे शिकवणी लावतोय. बॅडमिंटनला रोज संध्याकाळी पाठवते, सासूबाई सोबत जाऊन बाकावर बसतात.

केळीचा_घड
भाच्याला दाखवला धागा. त्याने मांडी मोजली, ६६ भरली. सहा फुटी आहे गडी. दोन दिवस जेवला नाही नीट, आता नौदलाच्या जहाजांचे व्हिडिओ बघतोय.

नंदुरबारी
मंडळी, माझी सातवीतली. तिच्यासाठी आत्ता काही करता येईल का? की दहावीपर्यंत थांबू?

सावदेकर
थांबू नका, दोन दारं आहेत. डेहराडूनचं राष्ट्रीय भारतीय मिलिटरी कॉलेज आठवीला प्रवेश देतं, परीक्षा राज्यातच होते, वय साडेअकरा ते तेराच्या आत लागतं. आता मुलींनाही घेतात. जन्मतारीख आजच तपासा, बहुतेकांचं दोन-चार महिन्यांनी हुकतं. ते जमलं नाही तर दहावीनंतर नाशिकला मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, राज्य सरकारची, २०२३ ला सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरला मुलांची १९७७ पासून आहे, तिच्यासारखीच. अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र. पण त्यांचे अर्ज दहावीच्या परीक्षेच्या सुमारासच मागवतात, निकालाची वाट बघत बसलात की वर्ष गेलं. अनेरकाठ ताईंचं तसंच झालं.

दृष्टी_अमळनेर
आणि नंदुरबारी भाऊ, डोळे. सातवीत तपासलेले चांगले. फळ्यावरचं दिसतं म्हणून गप्प बसू नका, एकेक डोळा झाकून वेगळा तपासायचा.

नंदुरबारी
जन्मतारखेत बसते! डोळ्यांसाठी शनिवारी नेतो. तिची माय इचारी राहिनी, डेहराडूनले थंडी कितली ऱ्हास?